आयर्न अकरा

३ ऑगस्ट, सोमवार

हिंदीचे सर विज्ञान शिकवणार! दहावीला! विज्ञानाची जागा जूनपासून रिकामी, बोरीला कुणी यायला तयार नाही, म्हणून रंगनाथ सर. पप्पांची बदली झाली तेव्हाच म्हटलं होतं, मला परभणीला मावशीकडं ठेवा. नाही म्हणाले. आणि वर धमकी — विज्ञानात नव्वदच्या खाली आलीस तर लातूरचं कॉलेज विसर. कशाच्या जिवावर पाडू नव्वद? दोह्यांच्या?

५ ऑगस्ट

आज कहर! पुस्तकात आयर्न (II) क्लोराइड. सरांनी वाचलं — "आयर्न अकरा क्लोराइड." वर्गानं लिहूनसुद्धा घेतलं. मी उठले. "सर, ते रोमन दोन आहे. लोखंडाची संयुजा." त्यांनी पुस्तक डोळ्याजवळ नेलं. "असं हाय का? बरं झालं सांगितलंस." लाज नावाची गोष्ट नाही!

मधल्या सुट्टीत मी त्यांचं बारसं केलं — अकरा. रेणुका पोट धरून हसली. "लय भारी नावं ठेवतीस गं!" शाळा सुटेपर्यंत पाचवीची पोरंही म्हणायला लागली.

६ ऑगस्ट

अर्पिताला फोनवर सगळं सांगितलं. ती अजून परभणीला आमच्या जुन्या क्लासला जाते, दर रविवारी. नशीबवान.

१२ ऑगस्ट

आज रासायनिक बंध. नागेशनं विचारलं, सोडियम इलेक्ट्रॉन देतं, मग ते वजा व्हायला पाहिजे, धन कसं होतं? सरळ आहे — इलेक्ट्रॉन ऋण, तो गेला की धन उरतं. अकरा काय म्हणाले? "देणारा धन, घेणारा ऋणी. ध्यानात ठेवा." हे रसायनशास्त्र की कीर्तन? वर्ग मात्र खूश. मी लिहून घेतलं नाही.

१७ ऑगस्ट, सोमवार

मिथेन, इथेन, प्रोपेन — धडाधड म्हणून दाखवलं. घोकंपट्टी! दुहेरी बंध दाखवायला दोन बोटांत दोन बोटं अडकवली. ही तर आमच्या क्लासच्या सरांची खूण! कुठून चोरली? यूट्यूबवरून असेल.

२४ ऑगस्ट

चाचणी. संयुगांची नावं, दहा गुण. मला नऊ. रेणुकाला दहा!! फेरिक क्लोराइडला मी आयर्न (II) लिहिलं — घाईत. अकरानं लाल पेनानं तिसरी रेघ मारून दिली. "एक काडी राहिली बाळा. नव्वद पाहिजेत ना तुला? मग घाई नको." म्हणजे पप्पा शाळेत जाऊन बोलले! आणि मला काड्या मोजायला कोण शिकवतंय, तर अकरा. डोकं फिरलं.

३० ऑगस्ट, रविवार

अर्पितानं फोटो पाठवला. आमच्या जुन्या क्लासचा शेवटचा बाक. पोरांच्या मधे अंग चोरून रंगनाथ सर. मांडीवर पिशवी, तिच्यावर वही.

खाली तिचं लिहिलेलं — "हा म्हातारा तीन रविवार झाले यायलाय. सरांना म्हणे, रोमन आकडे परत एकदा सांगा. सगळे लय हसले. तू नावं भारी ठेवतेस ना, ह्याला एक ठेव की!"

फोन पालथा घातला. खूप लाज वाटतेय. नाव तर मी कधीच ठेवून बसलेय.