छुईमुई, रिसामणी, लाजाळू

प्रिय आई,

तू गेल्याला दोन महिने झाले. आज लिहितेय, कारण काल बोईसरला तुझी खोली आवरायला गेले आणि तेव्हापासून फूलमतीवर जळतेय. तीच, तुझ्या शेजारच्या खोलीत राहणारी, कारखान्यात पॅकिंगला जाणारी.

ती मागच्या बाजूची लाजाळू उपटत होती. कशाला, म्हणून विचारलं.

"छुईमुई है दीदी. इसकी जड़ पीसकर अम्मा को देती थी. खून जाता था ना. अब किसके लिए रखूँ?"

मला काहीच माहीत नव्हतं. किती दिवस?

"चार महीना. अम्मा ने आपको बताने से मना किया था."

चार महिने, आई! दर रविवारी पालघरहून येत होते मी. "बरी हाय गं," म्हणत तू चहा पुढे करायचीस. शेवटी डॉक्टर म्हणाले, लवकर आणायला हवं होतं. कुठून आणणार होते?

मग तिने आणखी सांगितलं. तुम्ही दोघी ओट्यावर बसून त्या झाडाच्या नावांवर बोलायचात म्हणे. छुई म्हणजे शिवली, मुई म्हणजे मेली. तुला ते पटलं नव्हतं. "मरत नाय ती, लाजते," असं तू तिला ऐकवलंस. समोरच्या गुजराती काकी लाजाळूला रिसामणी म्हणाल्या, म्हणजे रुसणारी, तर तू हसून म्हणालीस, "ही तर माझी वैशू."

हे मला तिच्याकडून कळावं? मी शाळेत मराठी शिकवते. लाजाळू हे संस्कृतातल्या लज्जालुवरून आलं, तिथे तिला नमस्कारीसुद्धा म्हणतात, पानं हात जोडल्यासारखी मिटतात म्हणून. हे मी तुला सांगितलं नसतं का? तू कधी विचारलंच नाहीस.

मी फूलमतीवर ओरडले. मला का नाही कळवलंस, म्हटलं. ती रडायला लागली. "अम्मा बोलीं, बेटी रूठ जाएगी."

मी तुला डॉक्टरकडे ओढत नेलं असतं, पण त्याआधी आठवडाभर अबोला धरला असता. तुला माहीत होतं.

अजूनही जळतेय. पण रविवारी बोईसरला येईन, तिच्या ओट्यावर बसेन. तू तिला जे जे सांगितलंस ते सगळं मला हवंय. कितीही मनाला लागलं तरी मधेच उठणार नाही.

तुझी,
वैशाली