गल्लीतली सगळी दारं नीट लागतात

ती. ताईस,

शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून नमस्कार. (साष्टांग घालायचा तर खाली उतरावं लागेल, आणि खाली आई बसली आहे. मी दाराची वरची कड तपासतोय असं तिला वाटतंय, ते तसंच वाटू दे.) तुझी तब्येत कशी आहे, भावोजींचा खोकला गेला की नुसता या कुशीवरून त्या कुशीवर वळला, ते सविस्तर कळव. फोनच केला असता, पण तुझा फोन म्हटलं की आई तो माझ्या हातातून घेते आणि बोलणं संपल्यावरच परत देते. इकडे सगळं ठीक आहे. इतकं ठीक आहे की चार दिवस मला अन्न गोड लागत नाही.

तुझं लग्न झालं त्याच वर्षी आईच्या खोलीचं दार पहिल्यांदा अडकलं, आठवतं का? बाबा म्हणाले लाकूड फुगलंय, मी रंधा मारला, दार लागलं. पुढच्या वर्षी पुन्हा अडकलं. मग शेजारच्यांचं, मग समोरच्यांचं, आणि बघता बघता सात घरांची एकोणीस दारं दर वर्षी थंडी सरली की माझ्या नावाने ओरडायला लागली. एकतीस वर्षं मी सगळ्यांना लाकूड फुगलंय असंच सांगत आलो. (सुताराने दुसरं काय सांगायचं? जमीन सरकतेय म्हटलं असतं तर लोकांनी दुसरा सुतार बघितला असता.) सहा वर्षांपूर्वी ते विज्ञानवाले आले आणि कळलं की खरोखर जमीनच सरकतेय. गल्लीखालून एक भेग तिरकी जाते. ते तिला भ्रंश म्हणतात. आपल्या घरात ती बाहेरच्या खोलीतून शिरते आणि आईच्या उंबऱ्याखालून निघते, आणि तिच्या अलीकडची जमीन पलीकडच्या जमिनीला घासत दर वर्षी गव्हाच्या दाण्याएवढी पुढे जाते. म्हणजे तू सासरी गेल्यापासून आईची खोली माझ्यापासून जवळजवळ वीतभर लांब गेली आहे. मला वाटत होतं ती नुसती रुसून बसते. घर अजून उभं आहे ते माझ्या पाचरांवर, हे मी सांगत नाही, उंच बाई सांगते.

उंच बाई म्हणजे त्यांच्यातली मुख्य. तसं तिथे प्रत्येकजण स्वतःला मुख्यच समजतो, कारण पथकं तीन, देश तीन, आणि त्या सगळ्याला एकत्र नाव सहकार्य. उंच बाईने आपल्या गच्चीवर उपग्रहाशी बोलणारं यंत्र बसवलं. टोपीवाल्याने बाहेरच्या खोलीपासून आईच्या दारापर्यंत फरशीखालून एक तार ताणली, जमीन हलली की तार सांगते. तिसरा खड्डेवाला. त्याने शेजारच्या मोकळ्या जागेत पुरुषभर खोल चर खणला आणि त्यात बसून तो मातीचे थर ब्रशने साफ करतो, म्हणजे जुने भूकंप दिसतात म्हणे. तिघांच्या बैठका आपल्या बाहेरच्या खोलीत, कारण चहा आपला. सहा वर्षांत त्यांचं एकमत झालं ते फक्त त्या चहावर. बाईचा आलेख एक सांगायचा, टोपीवाल्याचा दुसरंच, आणि खड्डेवाल्याचं म्हणणं असं की तुम्ही दोघं वर बसून काय बघता, खाली या. त्यात टोपीवाल्याच्या तारेने एक शोध लावला. भेग दर वर्षी थंडी सरली की एकाच दिवसात टुणकन उडी मारते. या उडीवर त्याने परदेशात जाऊन निबंध वाचला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. गेल्या वर्षी मी आईच्या दाराची चौकट सरळ करायला लाकडी हातोड्याने पाचर ठोकत होतो आणि हा समोर चहा पीत होता. त्याच्या तारेचं एक टोक त्याच चौकटीला स्क्रूने बसवलेलं. त्याने आलेखाकडे पाहिलं, मग हातोड्याकडे, मग माझ्याकडे, आणि कप खाली ठेवला. तीन देशांनी पाच वर्षं अभ्यासलेली भेगेची वार्षिक उडी म्हणजे मी होतो, ताई.

मला वाटलं आता आपली धडगत नाही. पण मी आणखी काय काय करून ठेवलंय ते बघायला उंच बाई शिडी चढली आणि वरच बसून राहिली. तुला माझी सवय माहीत आहे. प्रत्येक दाराच्या वरच्या कडेवर, जिथे कुणी बघत नाही, मी पेन्सिलीने तारीख आणि किती तासलं ते लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या खेपेला अंदाज येतो. त्यांची यंत्रं सहा वर्षांची, माझी पेन्सिल एकतीस वर्षांची. तिघंही आठ दिवस गल्लीभर शिड्या घेऊन फिरले, लोकांची दारं उतरवली, चढवली (नीट चढवली नाहीत, ती मीच चढवली), आणि सगळे आकडे जुळवून लेख लिहिला. पहिलं नाव कुणाचं यावर पंधरा दिवस भांडण चाललं. कुणालाच दुसऱ्याचं नाव आधी नको होतं, म्हणून शेवटी माझं घातलं. तो छापील कागद आईने फ्रिजवर लावलाय. येईल त्याला ती आधी तो वाचायला लावते आणि मग बस म्हणते.

आता मुद्द्याचं. यंदा थंडी सरली आणि कुणीच बोलवायला आलं नाही. मी आठवडाभर वाट बघितली. मग मीच पेन्सिल घेऊन निघालो. पहिलं दार नीट लागलं. दुसरं लागलं. एकोणीसच्या एकोणीस दारं, ताई, बोटाने ढकलली तरी लागतात. गेल्या वर्षी सोडलेली फट अजून शिल्लक आहे. गल्लीत आनंदीआनंद आहे. कोपऱ्यावरचा शिंपी दुकानाच्या दारावरून अकरा वर्षं माझ्याशी बोलत नव्हता, तो रस्ता ओलांडून आला आणि माझा हात हातात घेऊन म्हणाला, यंदा काम मनापासून केलंस. मी यंदा एकाही दाराला हात लावलेला नाही. आता लोकांना दारं लावायची हौसच आली आहे. भर दुपारी गल्लीच्या वरच्या टोकाला कुणीतरी दार लावतं, टक. मग त्याच्या शेजारी टक. तसं करत ते खालपर्यंत येतं, आपल्या घरापाशी थांबतं, आणि मग आतून आई आपलं लावते.

मी धावत विज्ञानवाल्यांच्या कचेरीत गेलो. वाटलं होतं, तिघं तीन गोष्टी सांगतील आणि माझा जीव भांड्यात पडेल. त्यांनी टेबलावर आलेख एकावर एक ठेवले होते. सहा वर्षांत पहिल्यांदा तिन्ही रेघा तंतोतंत जुळल्या होत्या. सगळ्या सपाट, बेचाळीस दिवसांपासून. कुणी भांडत नव्हतं. टोपीवाल्याने खड्डेवाल्याला स्वतःची खुर्ची दिली. खड्डेवाला थँक्यू म्हणाला आणि बसला. मला त्या क्षणी जेवढी भीती वाटली तेवढी बाबांच्या ऑपरेशनच्या वेळीही वाटली नव्हती. मी विचारलं, म्हणजे काय समजायचं? बाई म्हणाली, काहीच समजू नका. सरकणं पुन्हा सुरू होईल आणि आपण हसू, किंवा ते अडून बसलंय आणि आत ताण साठतोय. दहा दिवस, दहा वर्षं, कुणी सांगू शकत नाही, आणि सांगतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. त्यांनी रीतसर कागद वर पाठवला आहे, वरचे विचार करतायत. मग मला दारापर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, तुमच्या आईंना थोडे दिवस कुठे पाठवता येईल का? दुसऱ्या दिवशी टोपीवाल्याने आपल्याकडचं बिऱ्हाड आवरलं. सहा वर्षं मोजेसुद्धा आपल्या बाल्कनीत टाकणाऱ्या माणसाने सगळं घडी घालून पेटीत भरलं आणि तो शहराच्या पलीकडच्या टोकाला राहायला गेला. रोज येतो, पण आत न येता उंबऱ्याबाहेरूनच बोलतो.

आईला मी सगळं सरळ सांगून बघितलं. बाईनेही सांगितलं. जमिनीच्या आवाजाचं एक यंत्र आहे त्यांच्याकडे, तासभराचा आवाज क्षणात ऐकवतं. तिने आईच्या कानाला लावून आधी गेल्या वर्षीचं ऐकवलं. कुणीतरी लांबवर लोखंडी खाट ओढतंय असा तो आवाज. मग या महिन्याचं ऐकवलं, त्यात काही म्हणजे काही नाही. आई बराच वेळ ऐकत राहिली. मग कानातलं काढून म्हणाली, हे माझ्या ओळखीचं आहे, ह्याचे वडील चिडले की असेच चार चार दिवस बोलायचे नाहीत. पाचव्या दिवशी बाबा काय करायचे ते तुला आणि मला माहीत आहे, फेकलेल्या पितळेच्या ताटांचे पोचे अजून गेलेले नाहीत. इतकं कळूनही ती जागची हलत नाही. म्हणते, एकतीस वर्षांनी माझ्या खोलीचं दार आपणहून धड लागतंय, ते सोडून मी कुठे जाऊ? दिवसातून दहा वेळा लावते. मी सुतारकाम करत असतो, मागे टक होतं आणि माझा रंधा वाकडा जातो.

असो. तुला काळजी वाटावी म्हणून लिहिलं नाही, नुसतं कळवलं. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. काळजी कर. ताई, तू आजारी पड. भूकंपासाठी आई घर सोडणार नाही, पण तू अंथरुणाला खिळलीस कळलं तर चप्पल न घालता निघेल. पत्र मिळाल्याबरोबर तिला फोन लाव आणि कण्हत बोल.

ता. क. २. गुडघा नको, गुडघ्याला ती तेल पाठवेल आणि घरीच बसेल. कंबर धर. कंबर गेली की घरात दुसरी बाई लागते, हे तिचंच म्हणणं आहे. भावोजींना विश्वासात घे, त्यांना खोटं बोलता येत नाही, त्यांना नुसतं खोकायला सांग.

ता. क. ३. मी येणार नाही, आग्रह करू नकोस. दारं रोज कुणीतरी बघायला हवीत आणि गल्लीत दुसरं कुणाला ती कळत नाहीत. शिवाय लेखात पहिलं नाव माझं आहे. आई तुझ्याकडे पोचली की माझं काय व्हायचं ते होईल. हे तिला कळता कामा नये.

चि. ताईस आईचे अनेक आशीर्वाद. डिंकाची बाटली माझ्या कपाटात असते हे हा दर वेळी विसरतो आणि पाकीट चिकटवायला मलाच देतो. मी सगळं वाचलं. तू आजारी पडू नकोस, आजारपणाचं सोंग तुला लहानपणीसुद्धा जमायचं नाही. टोपीवाल्याने पेटी उचलली त्याच दिवशी मी पिशवी भरली आहे. दाराचं मला काही कौतुक नाही. मी एकटी निघाले की हा मागे शिडीवर राहणार, हे मला त्याने न सांगताही ठाऊक होतं, म्हणून बसून आहे. आता कंबर मी धरते. उद्या सकाळपासून मला उठता येणार नाही आणि तुझ्याकडच्या डॉक्टरशिवाय दुसरा चालणार नाही, म्हणजे ह्याला मला घेऊन यावंच लागेल. तिथे आल्यावर ह्याला परत कसं सोडायचं नाही ते आपण दोघी बघू. दोघांचं अंथरूण घालून ठेव. आम्ही या पत्राच्या आधी पोचायला हवं. पोचलो, तर ह्याला हे दाखवू नकोस, उगाच ओशाळेल.