मी गेलो की चालू

सोम., १२ सप्टें. ८८
उद्यमनगर. फाउंड्रीच्या ऑफिसात नेटवर्क परत बंद. पाच कॉम्प्युटर आणि सर्व्हर, सगळे एकाच वायरवर. एक जोड बिघडला की सगळे आउट. मीच बसवलंय, टेबलं एका रांगेत, एकदम मस्त. फोन आला, सायकल हाणत गेलो, तर सगळं चालू! हेडक्लार्क आप्पा म्हणाले, "सायेब, तुमचा पायगुणच तसा हाय."
मला सायेब! आई खूप हसली.

बुध., १४
फोन. गेलो. चालू. टेस्ट लावली, एकही एरर नाही. मॅन्युअल पाठ झालंय.
फाउंड्रीचे मालक मात्र तापलेत. "एक तारखेचा पगार ह्याच्यावर निघाला तर ठेवतो. न्हायतर उचला आन् घिऊन जावा."
आमचा बॉस म्हणे, माल परत आला तर त्याच्याबरोबर तूपण घरी. जोक असावा. हसला नाही पण.

शुक्र., १६
सर्व्हरचं कार्ड बदललं. चहा, भडंग, आप्पांच्या मुरगूडच्या जावयाच्या गोष्टी. तोवर चालू. मी राजारामपुरीत आमच्या ऑफिसात पोचतो न पोचतो तोच फोन: बंद.
तिथेच राहायला जाऊ का?

मंगळ., २०
सापडलं!!!
छत्री तिथे विसरलेलो, ती आणायला न कळवता गेलो. बघतो तर आप्पांचं टेबल फिरवलेलं, तोंड पूर्वेला. वायर पुरेना म्हणून वायरमन बाबूने जोड आणि मशीनच्या मधे टीव्ही अँटेनाच्या वायरचा तुकडा घातलेला. अरे, जोड थेट मशीनलाच बसायला पाहिजे! मधे तुकडा आला की सगळी लाइन बोंबलते.
आप्पा उठलेच. "पावणं, फोन तरी करायचा की!"
दक्षिणेला तोंड करून पगाराच्या आकड्याला हात लावत नाहीत म्हणे. आणि मी येतोय कळलं की तुकडा काढून टेबल परत रांगेत! हाच माझा पायगुण.
"मला सांगायचं ना, आप्पा."
"तुम्ही इंग्लिश शाळंतलं. हसला असता की."
हसलोच. मग तेही. बाबू तर खाली बसून.
टेबल सरळ ठेवा म्हटलं असतं तर ठेवलं असतं. मी असेपर्यंत. त्यापेक्षा वायरच वळवू.

शनि., २४
पुण्याहून वायर आली, एसटी पार्सलने. लाइन वळवून आप्पांच्या टेबलापर्यंत नेली. जोड मशीनला, तोंड पूर्वेला. चालू!
बाबूला म्हटलं, अँटेनाची वायर फक्त टीव्हीला. "व्हय की. पर मॅचच्या टायमाला तुमची ही उरलेली वायर..."
उरलेली वायर घरी आणली.

शुक्र., ३०
आज पगाराचं प्रिंटिंग. दुपारपर्यंत फोन नाही. राहवेना, मीच केला.
आप्पा: "झकास चाललंय! तुम्ही कशाला तसदी घेताय?"
खरंच चाललंय, की मला वाईट वाटू नये म्हणून? मागे खडखड ऐकू येत होती. प्रिंटर असेल. किंवा फाउंड्री.
छत्री पुन्हा तिथेच राहिलीय. आणायला निघालो. फोन न करता.