रेंटीने टाकलेला कागद

रविवार, १२ एप्रिल १८६८

आज प्रार्थनाघरात मी उठून बोलले, आणि चांगलं बोलले. म्हटलं, गुलामी सुटल्यावर आता कुठे मत मिळालंय; मतं पुरुषांची असतील, पण घरं आपली आहेत. परवा जो जुन्या मालकांच्या बाजूचा मताचा कागद पेटीत टाकील त्याला घरात ताट नाही नि अंथरूण नाही. एकूणएक बायकांनी हात वर केले. पुरुष आपले टोप्या फिरवत बसले होते.

मिंडा मावशीचा शब्द आमच्या प्रार्थनाघरात शेवटचा. ती म्हणाली, "आणि त्याची जागा मागच्या बाकावर. सगळ्यांसमोर सगळं सांगेपर्यंत कोणी त्याच्या हातात हात द्यायचा नाही."

मग मी कागद कसा ओळखायचा ते सांगितलं. वस्तीत वाचता येणारी मी एकटी. प्रत्येकाला कागदावरची उमेदवारांची नावं वाचायला शिकवायची कधी? म्हटलं, वर लिंकनबाबाचं डोकं छापलेलं असेल तो आपला. घडी घाला, टाका, झालं.

घरी येताना रेंटी म्हणाला, "चार नावंही वाचायला शिकव ना."

मी म्हटलं, "पाच महिने झाले, तुझी अक्षरं अजून एकमेकांच्या अंगावर पडतायत. डोकं ओळखता येतं ना? मग पुरे."

हसला नुसता. नवरा स्वभावाने गरीब आहे माझा. होड्या बांधतो, बोलतो कमी.

मंगळवार, १४ एप्रिल

पहाटेच निघालो, सगळी वस्ती. पुरुष पुढे, बंदुका खांद्यावर, मागे आम्ही बायका रताळी बांधून घेतलेल्या. कापसाच्या शेतात आज कुदळ पडली नाही. पुलापाशी आपली आणि मालकांची, दोन्हीकडची माणसं कागद वाटत उभी होती. तिठ्यावरच्या दुकानात पेटी. आत हत्यार न्यायचं नाही, म्हणून बंदुका आमच्या ताब्यात दिल्या. मी त्यांच्या ढिगाशी झगा खोचून उभी — म्हणजे पाहिलं असतं कोणी तर हसलंच असतं.

रांगेतून रेंटी मागे वळला. हातात कागद. "फीबी, डोकं आहे. पण नावं एकदा बघ."

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "बघा ग बायांनो! पाच महिने शिकवतेय, आणि याला वाचायला अजून बायको लागते. पेटीत हातसुद्धा मीच घालू का रे?"

काय हसल्या सगळ्या! रांगेतलेही हसले. तोही थोडा हसला. मग वळला, आत गेला, टाकून आला.

त्याच दुकानाच्या पायरीवर उभं करून त्याच्या थोरल्या भावाला विकलं होतं, लढाईआधी. आज त्याच पायरीवरून रेंटी मत देऊन उतरला. मला रडू आलं. त्याच्या डोळ्यांत काही नव्हतं. थकला असेल असं वाटलं.

बुधवार, १५ एप्रिल

लिहू नये असं वाटतंय.

संध्याकाळी मिंडा मावशी आली, बसलीसुद्धा नाही. "आपल्यातला प्रिमस आता जुन्या मालकांकडे, धाकट्या क्रॉफ्टकडे कामाला आहे, ठाऊक आहे ना? पुलावर त्याच्या हातून आपल्या सहा जणांनी कागद घेतले. धाकटा मालक दुकानात सांगत सुटलाय, क्रॉफ्टांची माणसं शेवटी क्रॉफ्टांकडेच आली म्हणून." मग म्हणाली, "त्यात रेंटी आहे."

मी रेंटीला विचारलं. "प्रिमसकडून घेतलास?"

"हो."

"मालकांचा?"

"हो."

"का?"

मांडी घालून बसला होता, पुढ्यात कण्यांचं ताट. मी ताट उचललं. त्याचे कपडे गोळा केले, दारातून बाहेर फेकले. मग करवत. अख्खी वस्ती आपापल्या दारात उभी. नियम मीच केलेला, मग हात आखडून चालेल कसं? लाजेने कान पेटले होते. माझा नवरा, आणि क्रॉफ्टच्या बाजूचा! ज्या घराण्याने त्याचा भाऊ विकला!

त्याने कपडे उचलले, खाडीकडे गेला. होड्यांच्या पडवीत झोपेल. करवत मात्र घेतली नाही.

गुरुवार, १६ एप्रिल

करवत अंगणातच आहे. दवाने गंजेल. गंजू दे.

शुक्रवार, १७ एप्रिल

दुपारी डॉर्कस आली, रडून चेहरा सुजलेला. तिचा नवराही त्या सहांतला, तिनेही त्याला बाहेर काढलंय. प्रिमसने त्याच्या हातात चुकून दोन कागद दिले होते. उरलेला घेऊन आली. "फीबीताई, तो शपथ घेऊन सांगतोय, मी आपलाच टाकला. बघ ना, डोकं आहे की. तू सांगितलंस तेच."

डोकं आहे. दाढी, खोल डोळे, सगळं. आणि खाली पहिलंच नाव क्रॉफ्ट. त्याखाली सगळे त्यांचेच.

आधी मनात काय आलं तेही लिहिते, कारण इथे तरी खोटं नको. कागद चुलीत घालावा असं आलं. डॉर्कसला म्हटलं, "ठेवून जा, नीट बघते." ती बिचारी विश्वासाने गेली. माझ्यासारख्या वाचणारीवर विश्वास ठेवायची सवयच लागलीय त्यांना.

रेंटीने मला विचारलं होतं. नावं बघ म्हणाला होता. एक नजर टाकायला किती वेळ लागला असता? आणि परवा मी त्याचे कपडे फेकत होते तेव्हा सगळ्यांसमोर एवढंच म्हणाला असता, की हिला दाखवला होता — तर मीच तोंडावर पडले असते. तो ते बोलला नाही. मला वाचवलंन. हे कळलं आणि मला आरशात बघवेना.

काल, आज, वस्तीत बायका मला येऊन सांगतात, "बाई असावी तर तुझ्यासारखी, स्वतःच्या नवऱ्यालाही सोडलं नाहीस." मी ऐकून घेते.

रविवार, १९ एप्रिल

सांगितलं.

गाणं संपल्यावर उभी राहिले. कागद धरून सगळं सांगितलं — डोकं, नावं, रेंटीचं विचारणं, माझं हसणं. कोणी मदतीला आलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

मिंडा मावशी उठली. मग म्हणाली, "ते सहा जण पुढे या." पाच आले. सगळ्यांनी त्यांच्या हातात हात दिले. डॉर्कस नवऱ्याच्या बाहीला धरून रडत होती. "सहाव्याला कोणीतरी घेऊन या, त्याचं काही चुकलं नाही," मावशी म्हणाली. "आणि फीबी, तू मागे जा."

मागच्या बाकावरून सगळ्यांच्या पाठी दिसतात. एकही पाठ वळली नाही. तरी छातीवरचं ओझं जरा उतरलं. उद्या मीच जाऊन त्याला घेऊन येते. करवत घासून, चरबी लावून ठेवलीय.

सोमवार, २० एप्रिल

तो होडीच्या सांध्यात डांबर भरत होता. सगळं सांगितलं. म्हटलं, तुझं काही चुकलं नाही असं मावशीने सगळ्यांसमोर सांगितलंय, पुढे तुझी जागा आहे.

हात न थांबवता म्हणाला, "मला वाचता आलं होतं, फीबी. पहिलं नाव. क्रॉफ्ट. जन्मात पहिल्यांदा छापलेला शब्द माझा मी वाचला, आणि तो हा निघाला. विश्वास बसेना, म्हणून तुला दाखवायला वळलो."

"मग टाकलास का?"

"तू हसलीस. सगळे हसले. चुकीचा कागद आहे म्हणून रांगेबाहेर आलो असतो, तर पुन्हा हसला असतात."

मग माझ्या हातातली करवत घेतली आणि कामाला वळला. घरी चल म्हणायला गेले होते. म्हणता आलं नाही.