अर्ध्या सेकंदाचा फरक

प्रिय बब्बड,

फोन सोडून बाबा कागद-पेन घेऊन का बसले, असं म्हणशील. सांगतो, पण क्रमानं. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस मी, काटे पुढे ढकलणं जमत नाही.

तू तिकडे दवाखान्यात नोकरीला गेलीस तेव्हा आपल्याकडे टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरचं इंटरनेट होतं. तुझ्या खोलीत फायबर, पण आमच्या टोकाला मुंगीची चाल. रविवारी सकाळी तू चौकोनाचौकोनांची दिसायचीस. तुझ्या मागच्या खुर्चीवर काहीतरी गडद असायचं. आई म्हणाली, "कपड्यांच्या घड्या घालायला शिकवलंच नाही मी हिला." आपण तिघंही हसलो.

मग केबलवाल्याचं कनेक्शन घेतलं. जोडणारा म्हणाला, "काका, वेग तिप्पट मिळेल, पण एका नळावर अख्खी गल्ली पाणी भरते असं समजा." तसंच झालं. गल्ली उठायच्या आत फोन लावला तर तू स्पष्ट, नऊ वाजले की अडखळलीस. अशाच एका लवकरच्या फोनमध्ये दिसलं, खुर्चीवर कपडे नव्हते. मान खाली घातलेली एक बाई होती. मैत्रीण असेल म्हणून मी विचारलं, कोण आलंय गं? तू वळून पाहिलंस आणि म्हणालीस, "कोणी नाही, बाबा. पण गंमत म्हणजे इथं मला एकटं वाटतच नाही." आईला मोतीबिंदूमुळे दिसलं नाही, आणि मी केबलवर खापर फोडलं.

गेल्या महिन्यात आपल्याकडेही फायबर आलं. केसाएवढी काचेची तार, तिच्यातून म्हणे उजेड धावतो. आई म्हणाली, दोन म्हाताऱ्यांना एवढा वेग कशाला? मला खात्री करायची होती. चित्र लख्ख, तुझा आवाज नि ओठ एका ठोक्यात. आणि ती बाई तिथंच, मान वर करून. तू "आई, गोळ्या घेतल्यास ना?" असं विचारलंस, ते तिनं आधी पुटपुटलं. पुढचं प्रत्येक वाक्यही. अर्धा सेकंद आधी. तेवढी चूक माझ्या नजरेतून सुटत नाही. पण तू इतकी आनंदात होतीस की मी हवापाण्याचं बोलून फोन ठेवला. तिथं चुकलो.

परवा बुधवारी राहवेना, म्हणून भरदुपारी फोन लावला. लगेच उचललास. गोड बोललीस, "बाबा, सारखा कशाला फोन? मी मजेत आहे." आणि मागे खुर्चीत बसलेली अर्ध्या सेकंदानं तेच पुटपुटत होती. या वेळी मागाहून. तिच्या भुवईवर तुझी लहानपणची खोक होती.

त्या खोलीतल्या फोनवर हे बोलायची सोय उरली नाही, म्हणून तुझ्या दवाखान्याच्या पत्त्यावर पत्र टाकतोय. आईला काही सांगितलेलं नाही. पत्र तुला मिळेल त्या दिवशी मी दवाखान्याच्या फाटकाशी उभा असेन. बाहेर आलीस की एकच विचारेन, ती खोक कशी पडली? आईला आपण खोटं सांगितलं होतं. खरं फक्त तुला नि मला ठाऊक आहे. ते सांगेपर्यंत तुला जवळ घेणार नाही. रागावू नकोस, बाळा.

तुझाच,
बाबा