पहिली पसंती

२ मार्च, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. निवृत्तीला सहा वर्षं आहेत, आठवणी वेळेवर नोंदवलेल्या बऱ्या.

मुख्याध्यापिका बाईंची सूचना आली. सहावी ते आठवीच्या मुलांनी पुढच्या वर्षाच्या ऐच्छिक विषयाचे फॉर्म तेरा तारखेपर्यंत द्यायचे. भाषा, गणित, विज्ञान, इतिहास, भूगोल सक्तीचे. त्यांच्या जोडीला एक विषय आवडीचा. तीन पसंती लिहायच्या. आठ मुलं मिळाली नाहीत तर विषय बंद. स्टाफरूममध्ये चित्रकलेच्या बाईंचा चेहरा पडला. मी त्यांना धीर दिला. मला काय चिंता? माझा पुस्तकबांधणीचा वर्ग एकोणीस वर्षं भरतो आहे. एका वर्षी जरा ओढाताण झाली, पण आठ भरलेच. भूगोल मी शिकवतो कारण शिकवावा लागतो. पुस्तकबांधणीची गोष्ट वेगळी, तिथे मुलं मनापासून येतात.

यंदा एक नवीन नियम. कोरा फॉर्म चालणार नाही, आला तर घरी परत. छान. शिस्त हवीच.

४ मार्च, बुधवार. सहावा तास, पुस्तकबांधणीचा.
शेजारच्या संगीताच्या खोलीतून बासरी. संगीताच्या बाई सोडून गेल्या, विषय बंद झाला, खोलीला कुलूप लागून आठ वर्षं झाली. कुलूप स्वतः ओढून पाहिलं, घट्ट आहे. चार सूर चढतात आणि पाचव्याच्या आधी थांबतात. पुन्हा चार. मुलांना विचारलं, कोणालाच ऐकू आलं नव्हतं. मुलं एरवीही काही ऐकत नाहीत, तेव्हा हा पुरावा नव्हे.

पाण्याचा पाइप असणार. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. इथे लिहून ठेवतो, म्हणजे लक्षात राहील.

६ मार्च, शुक्रवार
कारकुनाच्या टेबलाशी सहज डोकावलो. बत्तीस फॉर्म आलेत, माझे शून्य. चांगली मुलं सावकाश विचार करतात.

तरी जाहिरात हवी. पोस्टर केलं, जिन्यापाशी लावलं. दुसरा संकल्प: वर्गात हसतमुख राहायचं. भूगोलाच्या तासाला राहिलो. आठवीतल्या एका मुलीने विचारलं, सर, तुमची दाढ दुखते का?

९ मार्च, सोमवार
पोस्टर गायब. कोणीतरी आवडलं म्हणून घरी नेलं असणार. समाधान वाटलं.

दुपारी: पोस्टर सापडलं. स्टाफरूमचं टेबल डुगडुगायचं, त्याच्या पायाखाली आहे. पण घड्या अचूक, कडा नखाने दाबून घेतलेल्या. हे माझ्याच विद्यार्थ्याचं काम. शिकवलेलं वाया जात नाही.

११ मार्च, बुधवार
ऐकायचं नाही असं ठरवून वर्गात गेलो. बासरी सुरू झाली. कोपऱ्यात आवाज कमी येईल म्हणून भिंतीलगतच्या शेवटच्या बाकावर बसलो, तर तिथे सर्वांत स्पष्ट.

ही आमच्या लेकीची जागा. सातवीत ती माझ्याच वर्गात होती. वर्षभर इथेच, डोकं भिंतीला टेकवून. मी इतर मुलांना सांगायचो, बघा, किती मन लावून ऐकते.

घरी हिला पाइपचं सांगितलं. हिने कप खाली ठेवला आणि म्हणाली, त्या भिंतीत पाइप नाही. हिला नळकामातलं काय कळतं?

१३ मार्च, शुक्रवार. १२.३०
एकशे अठरा फॉर्म. माझे शून्य. कारकुनाला म्हटलं, तुमच्या मोजणीत घोटाळा आहे. गरीब माणूस, वीस वर्षांत कधी आवाज चढवला नाही. आजही नाही चढवला.

"सर, तुमच्याकडे कोरे यायचे. ज्यांनी काहीच लिहिलं नाही, त्यांना मी तुमच्या वर्गात टाकायचो. जागा तिथेच असायची."

धादांत खोटं. आणि पुरावा माझ्याच कपाटात आहे. दरवर्षीचे जुने फॉर्म सरावासाठी आम्हालाच मिळतात. मुलं ते शिवतात, पुठ्ठा चढवतात. एकोणीस खंड. आज त्यातल्या पहिल्या पसंत्या मोजून यादी मुख्याध्यापिका बाईंपुढे ठेवतो. दोनशे तरी निघतील.

१.४५
पहिले तीन खंड. एकही नाही. तेव्हा विषय नवा होता.

२.००
सातवा खंड संपला. नाही. शाई उडते.

२.१०
सापडला. आठवा खंड, अकरा वर्षांपूर्वीचा. पहिली पसंती: पुस्तकबांधणी. लाल शाईत, ठसठशीत. म्हणजे एका तरी मुलाला मी हवा होतो. आता कारकून काय म्हणतो बघू.

२.४०
अक्षर माझं आहे.

खाली पेन्सिलीचं खोडलेलं आहे. बांधणीवाल्याच्या बोटांना कागदावरचा वळ कळतो. बोट फिरवलं. पहिली पसंती: संगीत. दुसरी: संगीत. तिसरी: संगीत. इतकं दाबून की मागच्या बाजूला उठलं आहे. वर लेकीचं नाव. पालकाची सही माझी.

त्या वर्षी एक मूल कमी पडत होतं. घरचंच मूल होतं. हे मी विसरलो होतो असं लिहिणार होतो. विसरलो नव्हतो.

हा खंड तिच्याच वर्गाने शिवला. या पानाजवळचे टाके तिचे आहेत. ती गाठ दोनदा मारायची. मी रागवायचो, एक पुरते.

१५ मार्च, रविवार
रविवारी लेकीचा फोन येतो, आईशी बोलते. माझ्या वाट्याला "बाबा बरे आहेत ना" एवढंच, तेही आईमार्फत. आज मी फोन मागून घेतला. विषय सहज काढायचा असं ठरवलं होतं. तिकडे थंडी आहे का, असं दोनदा विचारलं. मग फॉर्मचं बोललो. लाज वाटत होती, हिच्यासमोर जास्तच.



"त्यात काय, बाबा. भिंतीतून चार सूर शिकले होते मी. पाचवा यायचा तेव्हा तुम्ही कागद कापायचं यंत्र चालवायचात."

मला माफी मागायची होती. तोंडातून निघालं, त्या यंत्राला तेल कमी पडायचं. ती म्हणाली, हो. मग म्हणाली, आईला द्या.

१८ मार्च, बुधवार
बाईंनी बोलावलं. पुस्तकबांधणी बंद. संगीत पुन्हा सुरू, एकेचाळीस मुलांची पहिली पसंती. मधली भिंत पाडून दोन खोल्यांची एक करणार. मला भूगोलाचा एक जादा तास. मी म्हटलं, उत्तम, माझाही तोच विचार होता.

सहावा तास. मुलांना मैदानावर सोडलं, खोलीत कोणी नाही. यंत्रावर कापड टाकलं, चुकूनही हात लागू नये. शेवटच्या बाकावर बसलो, भिंतीला कान लावला. संकल्प एकच: आज पाचवा सूर ऐकायचा.

घंटा होईपर्यंत बसलो. पाचवा राहू द्या, चारही आले नाहीत.

पाइप दुरुस्त झाला असावा.