चार काळी पानं

७८६
अजमान, ४ जानेवारी २०२४

मोठी बहीण मरियमबी आपा हिला गनीचा सलाम. वि. वि. तुझ्या गुडघ्याचं ऐकून जेवण जात नाही. जिना चढू नकोस. मी चौथी शिकलेला, लिहिण्यात चुकलं तर हसून घे.

इथली काळजी लायबाची. वर्गातली पोरं तोतरी म्हणून चिडवायची, तेव्हापासून सूनबाई मुनिबा तिला घरीच शिकवते. माझ्यासमोर पुस्तक वाचते तेव्हा मात्र नात अजिबात अडखळत नाही. इंग्रजी वाचते, मग मोडक्या मराठीत मला समजावते. परवा म्हणाली, पृथ्वी फिरते. मी म्हटलं, आपाचं डोकंही फिरतं, नवल काय? हसून लोळली.

आता बाहेरून मागवलेली तिची पुस्तकं इथल्या सरकारी कचेरीने अडवली आहेत. यादीत नसलेलं शिकवायचं नाही म्हणे. घरी शिकवणारी सात घरं जमवून मुनिबाने अर्ज केला आहे. कोणतं पान नको ते लेखी सांगा, असं तिचं म्हणणं. प्रत्येक घराने आपला एक संच तपासायला द्यायचा. माझ्या पोराच्या, राहिलच्या व्हिसावर आलं तर? मी तोंड उघडलं की मुनिबा म्हणते, अब्बा, खलास, चहा घ्या.

अर्ज फेटाळला तर लायबाला तुझ्याकडे शाळेत पाठवणार. मग मी कुणाचं वाचन ऐकू?

लायबाच या पत्राचा फोटो काढून पाठवते आहे. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून मोकळं लिहिलं. दुआ करत राहा.
तुझा गनी


राजिवडा, रत्नागिरी, ९ जानेवारी २०२४

चि. गनीस आपाच्या दुआ. माझा गुडघा बरा आहे, तुझंच डोकं तपासून घे. लहानपणी होडीत बसण्याआधीच बुडायचास, तसाच राहिलास. मुनिबा शहाणी आहे. तिच्या कामात हात घालू नकोस. लायबाचे गाल माझ्याकडून ओढ.
तुझी आपा


७८६
अजमान, २० मार्च २०२४

आपा, सलाम. शेजारचा हारुन गावी निघाला, त्याच्या हाती हे देतो. घरात कुणाला कळता कामा नये. वाचलंस की चुलीत घाल.

दुबईत वीस वर्षं मी मासिकांच्या गोदामात होतो. परदेशी मासिकातली उघडी अंगं काळ्या मार्करने झाकायची, हेच माझं काम. अक्षर कळायचं नाही, चित्र बघून झाकायचो. झाकलेलं सुटायचं, न झाकलेलं अडकायचं, एवढंच मला ठाऊक.

मुनिबाने संच बांधून दारापाशी ठेवला होता. ती आंघोळीला गेली आणि मी तो सोडला. शास्त्राच्या पुस्तकात बाईच्या पोटाचं चित्र होतं. हात आपोआप चालला, आपा. चार पानं काळी केली. काठाला काठ, ठिपकासुद्धा बाहेर नाही. वाटलं, आता सुटेल.

सहा घरांची पुस्तकं मंजूर झाली, ज्याच्या त्याच्या घरापुरती. आमचा संच परत आला. खाडाखोड केलेली प्रत तपासता येत नाही, वर्षभर नवा अर्ज नाही म्हणे. मुनिबाला वाटतं, कचेरीनेच काळं फासलं. चार दिवस ती तिथे भांडत होती. मी चहा पीत बसलो.

लायबाचं तिकीट काढलं आहे. ते पुस्तक तिने स्वतः बॅगेत भरलं. तिला संभाळ. माझ्यावरची माया कमी केलीस तरी चालेल.
गनी


राजिवडा, ९ फेब्रुवारी २०२५

चि. गनीस अनेक दुआ. तुझं पत्र मी जाळलं नाही. घरात चूल कुठली, गॅस आहे. आणि तुझं अक्षर जाळवेना. चादरीखाली ठेवलं होतं.

लायबा आता मराठी वाचते. परवा माझा चष्मा शोधताना ते तिच्या हाती लागलं. दादाचं, म्हणजे तुझं पत्र म्हणून खुशीने मोठ्याने वाचायला बसली. मी थांबवायला हवं होतं. पण ती इथे आल्यापासून पहिल्यांदाच तिला न अडखळता वाचताना ऐकत होते रे. मार्कर या शब्दापाशी आली आणि थांबली. पुढचं मनात वाचलं. मग ते शास्त्राचं पुस्तक काढून काळं पान खिडकीशी उजेडात धरून उभी राहिली.

खाली तिला लिहायचं आहे म्हणते. तब्येत जप.
तुझी आपा

दादा, ते पान काळं होण्याआधीच मी वाचलेलं. तुम्हाला वाचून दाखवताना गाळायची, तुम्ही घाबराल म्हणून. मम्मीला तुमचं नाव सांगितलं नाही. सांगणार पण नाही.
इथल्या शाळेत मी मोठ्याने वाचत नाही. बाई नाव घेतात, तेव्हा नुसती उभी राहते.
लायबा